गजेंद्रमोक्षानंतर काय?

जुन्या माणसांना एखाद्याच्या वैभवाची परिसीमा सांगायची झाली म्हणजे ती 'गजान्त लक्ष्मी' असा शब्द वापरीत. दारी हत्ती झुलू लागला की त्यापुढे मिळवायचे काही उरलेच नाही, असा त्याचा भाव. पण हत्ती दारात झुलतो का, हे त्या शब्दाने कधी विचारले नाही. पायात साखळदंड घालून वर्षानुवर्षे एका जागी उभा केलेला हत्ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अंग हलवीत राहतो. रानात हिंडणारा हत्ती असा तासन् तास झुलत नाही. पशुवैद्यकाच्या शास्त्रात हे झुलणे कोंडलेल्या जनावराच्या मनोव्यथेचे लक्षण समजले जाते. म्हणजे आपल्या भाषेने ज्याला ऐश्वर्य म्हटले तो त्या मुक्या जनावराचा कोंडमारा होता! मराठी हा विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या माझ्यासारख्याला हे कळल्यावर त्या शब्दाकडे पूर्वीच्या नजरेने पाहवत नाही.

हे सारे आठवायला कारण झाली नांदणीची हत्तीण. २०२५ च्या जुलै-ऑगस्टात महाराष्ट्रात जेवढी चर्चा या एका हत्तिणीची झाली, तेवढी फार थोड्या माणसांची झाली असेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात नांदणीला जैन मठ आहे. मठात हत्ती बाळगण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे असे तेथील लोक सांगतात. त्या परंपरेने १९९२ साली कर्नाटकातून एक लहान हत्तीण मठात आली. महादेवी आणि माधुरी ही तिची दोन्ही नावे. तीस वर्षांहून अधिक काळ ती तिथे राहिली. पुढे 'पेटा' या प्राणिमित्र संस्थेने तक्रार केली. हत्तिणीच्या पायांना जखमा आहेत, नखे कुजली आहेत, सांधे धरले आहेत आणि ती एकटी आहे, असे त्या तक्रारीचे सार. उच्चाधिकार समितीने तिला हलवावे असा निर्णय दिला. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने मठाची याचिका फेटाळली, आणि महिना संपायच्या आत माधुरी गुजरातेत जामनगरला, रिलायन्स उद्योगसमूहाच्या 'वनतारा' या प्रकल्पात पोहोचलीदेखील.

त्यानंतर जे झाले ते आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिले. गाव रडले. निरोपाच्या मिरवणुकीत हत्तिणीच्या डोळ्यांत पाणी होते असे कुणी म्हणाले, ते चित्र घरोघरी गेले. दोन लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या. नांदणीहून कोल्हापूरपर्यंत लोक पायी चालत गेले. एका मोबाइल कंपनीची सिमकार्डे बदलून घेण्याची लाट आली. मुख्यमंत्र्यांना बैठक बोलवावी लागली आणि शेवटी वनतारानेच नांदणीच्या परिसरात हत्तींसाठी पुनर्वसन केंद्र उभारून देण्याची तयारी दाखवली. हा सगळा प्रवास फक्त दहा-बारा दिवसांतला!

आमच्या कॉलेजातही तेव्हा दोन तट पडले होते. एक म्हणे, माधुरी आमची आहे, तिला परत आणा. दुसरा म्हणे, ती कुणाचीच नाही, तिला मोकळी करा. कँटीनमध्ये चहा थंड होईपर्यंत वाद चाले. मला त्या वादात एक गोष्ट खटकत होती. 'मोकळी करा' म्हणणारे आणि 'परत आणा' म्हणणारे, दोघेही ज्या जागांविषयी बोलत होते त्यांतली एकही जागा रान नव्हती.

गजेंद्रमोक्षाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्रिकूट पर्वतावरच्या सरोवरात गजेंद्र उतरतो, मगर पाय धरते, तो कमळ उंच धरून धावा करतो आणि भगवंत धावून येतात. पण सुटल्यावर गजेंद्र जातो कुठे? आपल्या कळपाकडे, त्रिकूटाच्या जंगलात? नाही. तो वैकुंठाला जातो. मागे राहिलेल्या हत्तिणींचे आणि पिल्लांचे काय झाले हे कीर्तनकार सांगत नाहीत. वनतारा हे मला तसेच वैकुंठ वाटते. तिथे वैद्य आहेत, सांध्यांना आराम पडावा म्हणून डुंबायला तलाव आहेत, सोबतीला दोनशेच्या वर हत्ती आहेत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या विशेष तपास पथकाने सप्टेंबर २०२५ मध्ये या प्रकल्पाला निर्दोष ठरवले. तेव्हा आजारी हत्तिणीला तिथे औषधपाणी चांगले मिळते, हे मान्य करायला माझी ना नाही. मात्र त्याला 'जंगलात परत जाणे' म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. सौराष्ट्रातल्या त्या कोरड्या मुलखात रानटी हत्तींचे जंगलच नाही.

मग माधुरीला खऱ्याखुऱ्या जंगलात सोडता आले असते का? मला वाटते, नाही. हत्तीचे पिल्लू बावीस महिने आईच्या पोटात असते आणि जन्मल्यावर कित्येक वर्षे कळपाच्या शाळेत असते. कुठला पाला खावा, उन्हाळ्यात पाणी कुठे सापडते, नराने अंगावर धाव घेतली तर काय करावे, हे त्याला आई, मावश्या आणि कळपाची वडीलधारी हत्तीण शिकवते. ज्या पिल्लाला दोन-तीन वर्षांचे असताना तिथून उचलले, त्याचे हे शिक्षणच झालेले नसते. त्याऐवजी ते दुसरे काही शिकलेले असते: माणसाच्या हातात केळी असतात आणि ऊस असतो. असा हत्ती रानात सोडला तर तो सर्वांत जवळच्या गावात येईल, कारण त्याला माणसाची भीती राहिलेली नसते. शिवाय माणसांत राहिलेल्या हत्तींना माणसांचा क्षयरोग जडतो. तो रोग घेऊन हत्ती रानात गेला तर रानातल्यांना धोका. म्हणून सोडवणे हे एका कोर्टाच्या हुकुमाचे आणि एका ट्रकचे काम असले, तरी परत रानात सोडणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे.

कोल्हापूरकरांना हा अनुभव पूर्वीही आला होता. जोतिबाच्या देवस्थानाला २००७ साली 'सुंदर' नावाचा हत्ती दिला गेला. त्याला मारहाण होते अशा तक्रारी झाल्या, प्रकरण इतके गाजले की इंग्लंडमधून बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने त्याच्या सुटकेसाठी पत्र धाडले, आणि २०१४ साली न्यायालयाच्या आदेशाने सुंदर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला. तेथे त्याला इतर हत्तींची संगत मिळाली, हिंडायला कुंपणातले का होईना पण रान मिळाले. तोही जंगलात गेला नाही, पण जंगलाच्या दोन पावले जवळ गेला.

हे काम अगदीच अशक्य आहे असेही कुणी समजू नये. श्रीलंकेत उदवलवे येथे १९९५ पासून अनाथ पिल्लांसाठी एक केंद्र आहे. तिथे पिल्लांना दर तीन तासांनी नळी-नरसाळ्याने दूध पाजतात, पण लाड करीत नाहीत. पाहायला येणाऱ्यांना लांबच उभे राहावे लागते. पिल्ले एकमेकांच्या संगतीने वाढतात आणि पाचेक वर्षांची झाली की त्यांच्या टोळीला एकदम अभयारण्यात सोडतात. आजवर अशी शंभराहून अधिक पिल्ले तिथल्या रानांत गेली आणि त्यांतल्या कित्येक माद्यांना रानात पिल्लेही झाली. आपल्याकडे आसामात काझीरंगाजवळच्या केंद्राने पुरात वाहून आलेली, कळपापासून तुटलेली पिल्ले वाढवून मानसच्या जंगलात सोडली आहेत. थायलंडची गोष्ट तर आणखी वेगळी. १९८९ साली तिथे जंगलतोडीवर बंदी आली आणि ओंडके ओढणारे हत्ती एका दिवसात बेकार झाले. कित्येक माहूत हत्तीला घेऊन शहरात भीक मागू लागले. पुढे राणी सिरिकित यांच्या पुढाकाराने त्यातले काही पाळीव हत्ती, चांगले वयात आलेले, राखीव जंगलांत सोडण्यात आले. त्यांच्यावर रक्षक लक्ष ठेवीत, पण दावे नव्हते. तेव्हा मोठे हत्तीही परत जाऊ शकतात. मात्र त्यांना गट लागतो, प्रशस्त रान लागते आणि त्यांच्यामागे राबायला माणसे लागतात.

या दोन टोकांच्या मधलीही एक रीत आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. कर्नाटकातल्या वनखात्याच्या छावण्यांत संध्याकाळी हत्तीला जंगलात सोडून देतात. पायात एक लांब साखळी असते, ती जमिनीवरून फरफटत जाते. रात्रभर हत्ती चरतो, रानटी हत्तींना भेटतो, माद्यांना रानातल्या नरांपासून पिल्ले होतात. पहाटे माहूत साखळीचा माग काढीत जातो आणि हाक मारून त्याला घेऊन येतो. ब्रह्मदेशातले लाकूडवाहू हत्तीही असेच रात्रीचे मोकळे असत. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याची हत्तींची छावणी आहे, तिथेही हत्तींना भोवतालचे रान मिळते. माधुरीसारख्या हत्तिणीला मठही नको आणि तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आवारातले वैकुंठही नको. एखाद्या अशा छावणीत ती अधिक सुखी झाली असती असे मला राहून राहून वाटते. पण हा तिसरा पर्याय त्या दहा-बारा दिवसांच्या गदारोळात फारसा कुणी उच्चारला नाही.

ब्रह्मदेशाचे नाव निघाले म्हणून आठवले. आपण रत्नागिरीकर रोज ज्या थिबा पॅलेसच्या बाजूने जातो-येतो, त्या थिबा राजाच्या मंडालेच्या वाड्यात पांढरा हत्ती होता. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले त्याच सुमारास तो हत्ती मेला. राजाला रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी समुद्राकडे तोंड करून एवढा मोठा वाडा बांधला. पण १९१६ साली तो मेला तो कैदी म्हणूनच. १९१९ मध्ये त्याच्या कुटुंबाला मायदेशी जाऊ दिले, तेव्हा थोरली राजकन्याही गेली, आणि काही काळाने ती रत्नागिरीलाच परत आली. १९४७ साली ती इथेच, गरिबीत वारली. लहानपणी उचलून आणलेल्या जिवाला तीस-बत्तीस वर्षांनी 'जा, आता तू मोकळी' असे म्हटले तर तो जाईल कुठे? माणसाची आणि जनावराची तुलना कुणाला रुचणार नाही. पण वाडा केवढा होता यावरून कैद ठरत नाही, हे रत्नागिरीकरांना कुणी शिकवायला नको.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझ्या आईचे माहेर दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात आहे. त्या मुलखात हत्ती सोडायची गरज पडली नाही, तो आपल्या पायांनी आला. २००२ साली कर्नाटकातल्या दांडेलीकडच्या जंगलातून हत्ती तिलारीच्या खोऱ्यात उतरले. तिकडची जंगले धरणांनी, खाणींनी, रस्त्यांनी तुटली होती. तेव्हापासून केर, मोर्ले, हेवाळे, घोटगेवाडी या गावांना हत्ती ही देव्हाऱ्यातली मूर्ती राहिली नाही. त्यांना हाकलायच्या मोहिमा झाल्या. बाहेरच्या राज्यांतून माणसे आणली, हत्ती सीमेपलीकडे गेले आणि थोड्या दिवसांनी परतले. त्यांना जे रान पसंत पडले ते आपल्या नकाशात महाराष्ट्रात येते, याला ते बिचारे काय करणार? पुढे तिथे पिल्ले जन्मली. जी पिल्ले तिलारीत जन्मली त्यांना दांडेलीला 'परत' पाठवायचे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावे.

हत्ती एका रात्रीत काय करतो हे ज्याने पाहिले नाही त्याने प्राणिप्रेमावर जरा बेताने बोलावे असे माझे मत आहे. तो केळीची बाग पायाखाली घालतो, ते समजण्यासारखे आहे, केळ पुन्हा वर्षभरात उभी राहते. पण माड? कवाथा लावल्यापासून नारळ धरायला सहा-सात वर्षे जातात. त्याला पोरासारखे पाणी घालावे लागते. आणि एकदा धरला की माड साठ-साठ वर्षे घर चालवतो. हत्ती कपाळाने रेटून तो आडवा करतो आणि शेंड्याचा कोवळा गाभा तेवढा खातो. माझ्या मामाचे चार माड असे गेले. त्याने रात्र रात्र मांगरात जागून डबे वाजवले, टेंभे पेटवले. पंचनामा झाला, भरपाईही यथावकाश आली. पण ती आडव्या झालेल्या झाडाची आली, पुढच्या चाळीस वर्षांच्या नारळांची नाही. मामा हत्तीला शिव्या देत नाही. तो म्हणतो, "हत्ती देव खरो, पण देवाक निवेद्य किती दाखवूचो?" या वाक्याला उत्तर देता येईल असे एकही पुस्तक मला अजून लायब्ररीत सापडलेले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात काजूच्या बागेत गेलेल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याला हत्तीने मारले. तो संताप अजून शमला नव्हता तोच त्याच वर्षी 'ओंकार' नावाचा तरुण नर कळपापासून फुटून गोव्याच्या पेडणे भागात शिरला, तिथली भातशेती तुडवून पुन्हा सावंतवाडी तालुक्यात आला. नदीत डुंबत असताना त्याच्यावर फटाके फेकल्याची चित्रफीत साऱ्यांनी पाहिली. मग मागणी झाली की ओंकारला पकडा. आणि पकडून कुठे न्या? वनतारात! हे प्रकरणही उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या बेंचपुढे गेले.

वाचकहो, इथे क्षणभर थांबून पाहा. त्याच एका वर्षी, जवळजवळ शेजारच्या दोन जिल्ह्यांत, आपण एका साखळीतल्या हत्तिणीला 'मुक्त' करून जामनगरला पाठवीत होतो, आणि जो हत्ती खरोखर मुक्त होता, ज्याला कुणी सोडवावे लागले नव्हते, त्याला बंदिस्त करण्यासाठी त्याच जामनगरचा पत्ता शोधीत होतो. माधुरीसाठी दोन लाख सह्या झाल्या. ओंकारसाठी किती झाल्या असत्या? काही प्राणिमित्र त्याच्यासाठी धावले, आंदोलनेही झाली, नाही असे नाही. पण मोबाइलचे सिमकार्ड त्याच्यासाठी कुणी बदलले नाही, आणि मोर्लेच्या त्या शेतकऱ्यासाठीही नाही.

पकडण्याचा प्रयोगही सिंधुदुर्गाला नवा नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले होते. कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणि माहूत आणले, इंजेक्शन देऊन बेशुद्ध केले, आंबेरीला मोठमोठ्या ओंडक्यांच्या पिंजऱ्यात, ज्याला 'क्राल' म्हणतात, त्यांना घातले आणि माणसाळवायला सुरुवात केली. लोक जत्रेसारखे पाहायला जात होते. रानात ज्यांच्या भीतीने दारे लावून बसायचे, तेच हत्ती पिंजऱ्यात गेल्यावर त्यांच्यासाठी केळी घेऊन जायचे! छावणीतल्या हत्तीचा मृत्यूही ओढवला. आणि खोऱ्यात हत्ती येणे काही थांबले नाही.

रानटी हत्ती पकडायचा आणि मग त्याच्यावर दया करायची, ही आपली जुनीच खोड दिसते. म्हैसूर संस्थानात काकनकोटेला 'खेडा' भरत असे, म्हणजे कळपच्या कळप हाकून आत घालायचे. १९७१ साली शेवटचा खेडा झाला आणि मग ते रानही कबिनी धरणाच्या पाण्याखाली गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या काळी साठमारी चाले, ते मैदान अजून दाखवतात. तो काळ निराळा होता, त्याचा न्याय आज करू नये. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हत्तीला संरक्षण दिल्यावर आणि २०१० साली त्याला 'राष्ट्रीय वारसा प्राणी' म्हणून गौरवल्यावरही, २०२२ च्या दुरुस्तीने 'धार्मिक अथवा अन्य' कारणासाठी पाळीव हत्ती एकाकडून दुसऱ्याकडे देण्याची वाट ठेवलीच आहे. देशात सुमारे अडीच हजार हत्ती माणसांच्या ताब्यात आहेत. त्यांतले जे म्हातारे, आजारी आहेत त्यांना आपण रानात पाठवू शकत नाही, हे वर आलेच. त्यांना त्यांच्याच मुलखाजवळ, सोबतीने, रात्री साखळी सैल करून जगू द्यावे. पण त्यांच्या जागी नवे पिल्लू येऊ नये. ज्या मठाला, ज्या देवस्थानाला हत्ती हवा त्याने लाकडाचा करावा, यंत्राचा करावा. केरळातल्या काही देवळांनी यंत्राचे हत्ती केले आहेत आणि देव रागावल्याचे ऐकिवात नाही. नांदणीच्या लोकांच्या अश्रूंची मी थट्टा करीत नाही. तीस वर्षे एखाद्या जिवाला रोज पाहिल्यावर तो गेला तर घशाशी येणारच. परंतु प्रेम आणि पायातली साखळी एकाच वेळी राहू शकतात, हे आपण आपल्या घरांतून काय कमी पाहिले आहे?

हत्तीला जंगलात परत पाठवायचे असेल तर आधी जंगल हवे आणि त्या जंगलाच्या कडेला हत्तीला सोसणारी माणसे हवीत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजात देशातल्या रानटी हत्तींची संख्या २२,४४६ धरली आहे, त्यांतले ६,०१३ एकट्या कर्नाटकात. म्हणजे आपल्या सीमेला लागूनच हत्तींचे सर्वांत मोठे घर आहे. त्यातले काही इकडे येत राहणार. गडचिरोलीतही २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने कळप येत आहे. तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र २०२० साली संवर्धन राखीव जाहीर झाले. ऐकायला बरे वाटते. पण एक हत्ती दिवसाला दीडशे किलो चारा खातो आणि त्यासाठी मैलोगणती हिंडतो. एवढेसे रान त्याला एखाद्या परड्यासारखे! सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडे तोडायला उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली, तरी डोंगर उघडे पडून रबराची झाडे उभी राहिलेली आईच्या माहेरी जाताना एस.टी.च्या खिडकीतून दिसतात. रबर हत्ती खात नाही. रानातले खाणे गेले की तो माडाकडे वळतो. मामाच्या चार माडांचा हिशेब कुठेतरी वरच्या डोंगरावर सुरू झालेला असतो.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात हत्ती नाहीत म्हणून आपण निर्धास्त असू नये. माकडांनी आणि रानडुकरांनी इथल्या किती घरांची शेती बंद पाडली हे या कॉलेजातल्या निम्म्या मुलांना ठाऊक आहे. आमच्याच घरी भुईमूग लावणे केव्हाच सोडले. सरकारकडे मागायचे ते हे मागावे की माडाची भरपाई त्याच्या उरलेल्या आयुष्याच्या उत्पन्नावर ठरवा, आणि ती हंगाम संपायच्या आत द्या. वनताराने नांदणीला केंद्र बांधायची तयारी दाखवली, तेवढाच पैसा तिलारीच्या खोऱ्यात रात्रपाळीची पथके, वेळेवर इशारा आणि डोंगरात पुन्हा बांबू, फणस लावायला दिला, तर एका हत्तिणीऐवजी एका कळपाचे भले होईल. मामासारख्या माणसाला हत्ती परवडला पाहिजे. तो त्याला परवडला तरच हत्ती रानात राहील.

आपल्याकडूनही थोडे होण्यासारखे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी जवळपासच्या गावात होते. एखाद्या वर्षी ते केर-मोर्लेकडे न्यावे अशी मी प्राध्यापकांना विनंती करतो. झाडे लावणे, रस्ता झाडणे हे ठीकच आहे, पण त्या गावांत भरपाईचा अर्ज नीट भरून देणाऱ्या माणसांची फार गरज आहे. सातबाराचा उतारा, झाडांची संख्या, पंचनाम्याची नक्कल, फोटो, बँकेच्या पासबुकाची प्रत, एवढे सगळे जमवून मुदतीत दाखल करायचे असते. माझ्या मामाला सहीपुरते लिहिता येते. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारा मी पहिलाच, म्हणून त्याचा गेल्या खेपेचा अर्ज मी लिहिला. शेजारच्या सहा घरांचेही अर्ज मीच लिहून दिले. त्यात एक संध्याकाळ गेली. आपण चाळीसजण गेलो तर चार-पाच गावे दोन दिवसांत होतील.